साखळीतला इंद्रभान

अमडापूरच्या पोरांना हुतूतू कुणी शिकवावा लागत नसे. तरीही नारायणराव माळ्याच्या धाकट्या मुलाची, इंद्रभानची चढाई म्हटली की हातातलं काम टाकून लोक मैदानाकडे यायचे. अंगाने काटक, उंचीला बेताचा गडी. मळ्यात वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत असला तर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. पण एकदा का मध्यरेषा ओलांडून दम भरला, की तो वेगळाच कुणी व्हायचा. समोरचे सातजण घेरत यायचे, कुणाचा हात कमरेला लागायचा, कुणाचा पोटरीला, आणि तो अशी काही गिरकी घ्यायचा की धरणाऱ्याच्या मुठीत नुसती हवा उरायची. परत येताना एकदोघांना बाद करून, हसत, कपाळावरचे केस मागे सारत यायचा.

"मासोळी हाये बे, मासोळी!" म्हातारे ओट्यावरून ओरडायचे.

त्याचा जोडीदार हैदर. सईद पिंजाऱ्याचा थोरला. दोघे शाळेत एका बाकावर बसले होते, एकाच वर्षी दोघांनी शाळा सोडली होती. हैदर चढाईला क्वचितच जायचा. उजव्या कोपऱ्यात वाकून उभा राहायचा आणि पुढचा गडी जरा आत आला की त्याचा घोटा धरायचा. दिवसभर कापूस पिंजून त्याच्या मनगटांत असा काही जोर आला होता की धरलेला पाय त्याने कधी सोडला, असं गावात कुणाला आठवत नव्हतं. पण टाळ्या त्याच्या वाट्याला कमीच. पकड झाली की धूळ उडते, अंगावर अंग पडतं, आणि सगळ्यांच्या खाली कोण आहे हे बघणाऱ्याला दिसत नाही.

बचावाला उभे राहताना गडी हातात हात धरून साखळी करतात. हैदरचा डावा हात कायम इंद्रभानच्या उजव्या हातात असायचा. हैदरने मोकळ्या हाताने पाय धरायचा, आणि त्याच घटकेला इंद्रभानने हात न सोडता आत शिरून अंगाचा भार टाकायचा. म्हणजे समोरच्याचं वजन दोघांवर वाटलं जातं. गावच्या सामन्यांत हे सहज जमायचं. आजूबाजूच्या गावांचे गडी यांच्यासारखेच, हलक्या अंगाचे होते.

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली होती. जिल्ह्यात जागोजागी सामने भरायला लागले होते. हुतूतूला आता कबड्डी म्हणायचं, आखलेल्या मैदानावर खेळायचं, पंचाची शिटी ऐकायची. बसस्टँडजवळ सायकलचं दुकान चालवणाऱ्या हिंमतरावांनी गावचा संघ बांधला. ते स्वतः तरुणपणी अकोल्याकडे खेळलेले. संध्याकाळी दुकानाची फळी लावून ते मैदानात यायचे आणि पोरांना घामाघूम करायचे.

"इंदर, चढाई झाली की तू खेळ संपल्यावानी उभा राह्यतं," ते एकदा म्हणाले. "साखळीतबी ध्यान ठेव."

"हिंमतभाऊ, मी दोघं मारून आणतो, तुमी साखळीचं काय घेऊन बसले?" इंद्रभान म्हणाला, आणि सगळे हसले. हिंमतरावही हसले.

थंडीत खामगावला सामने भरले. अमडापूरचा संघ मोटारीने गेला. पहिल्या दिवशी इंद्रभानने जे केलं त्याने खामगावची माणसं वेडी झाली. चहाच्या टपरीवर त्याला बसायला बाकडं मिळालं, एका सरकीच्या व्यापाऱ्याने त्याच्या गळ्यात स्वतःचा रुमाल टाकला. हैदर बाजूला बसून गुडघ्याचं खरचटलेलं पुसत होता.

"तुले तर आता खामगाववाले घरजावई करून घेतात पाह्य," तो म्हणाला.

"तुलेबी नेतो संगं. माह्या रुखवतात."

अंतिम सामना जिनिंगच्या गिरणीत काम करणाऱ्या हमालांच्या संघाशी पडला. त्यांचा शेषराव नावाचा गडी होता. पाठीवर कापसाच्या गाठी वाहून त्याचे खांदे दरवाजाएवढे झाले होते. चपळ नव्हता तो. पण आत यायचा, कुणालाही हात लावायचा, आणि धरणाऱ्यांना सगळ्यांना ओढत आपल्या रेषेकडे निघून जायचा. अमडापूरच्या दोघातिघांनी त्याला धरून बघितलं आणि तोंडघशी पडले. इंद्रभानने दुसऱ्या बाजूने गुण आणून बरोबरी राखली. सामना संपत आला तेव्हा दोन्हीकडे सारखेच गुण होते आणि चढाई शेषरावाची होती.

तो सरळ उजव्या कोपऱ्याकडे आला. हैदर वाकला. इंद्रभानच्या तळव्यात हैदरची बोटं घट्ट झाली. शेषरावाने पाय पुढे टाकला आणि हैदरने घोटा धरला.

आता इंद्रभानने आत शिरायचं होतं. शेकडो वेळा केलेली गोष्ट. पण शेषरावाचं ते भलं मोठं अंग अर्धं वळून, तोल जाऊन आपल्याच बाजूला कलतंय हे त्याला दिसलं. आणि त्याची बोटं उघडली. घामाने हात निसटला नाही. हिसक्याने सुटला नाही. बोटं आपोआप उघडली, आणि त्याचे पाय मागे सरले, तसेच हलके आणि सुबक, जसे चढाईत सरायचे.

हैदर एकटा ओढला गेला. सुटलेला हात हवेत भेलकांडला आणि शेषराव त्या खांद्यावर कोसळला. वरून मागचे दोघे पडले. हैदरच्या तोंडून एक आवाज निघाला, पण घोटा त्याने सोडला नाही. शेषरावाचा दम तुटला. पंचाने शिटी वाजवून त्याला बाद दिला.

अमडापूर जिंकलं. लोक मैदानात घुसले. कुणीतरी इंद्रभानला खांद्यावर उचललं. वरून त्याला दिसत होतं, सगळे बाजूला झाले तरी हैदर मातीत तसाच एका कुशीवर पडून होता, आणि हिंमतराव त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले होते.

"उतरवा मले," इंद्रभान म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला नाही.

दवाखान्यात हाड बसवलं. हात बरेच दिवस गळ्यात बांधलेला राहिला. सोडल्यावर कळलं की तो खांद्याच्या वर उचलत नाही आणि त्या बोटांना पुरती पकड येत नाही. शीर दबली असं डॉक्टर म्हणाले. येईल तेवढं येईल, बाकी देवाच्या हातात. पिंजण एका हाताने टांगून धरायची आणि दुसऱ्याने ठोका मारायचा. एका हाताच्या माणसाचं ते काम नव्हे. सईदचाचा म्हातारपणी पुन्हा एकटे पिंजायला बसले.

इंद्रभान त्यांच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा हैदर झोपलेला होता. त्याची आई, अख्तरीबी, चुलीपाशी होती. तिने उठून त्याला पाट दिला, गुळाचा खडा हातावर ठेवला.

"तू था ना उसके बाजू में, बेटा," ती म्हणाली. "इतनाच दिल को आराम है. अकेला नहीं था मेरा बच्चा."

इंद्रभानने गूळ तोंडात टाकला. "चाची, पुन्हा येतो," म्हणून तो उठला, आणि पुन्हा गेला नाही. आज मळ्यात काम आहे, आज पाहुणे आहेत, उद्या नक्की. असे दिवस जात राहिले.

खामगावच्या खेळावर त्याची जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड झाली. बुलढाण्याला जायचं, तिथून पुढे मोठे सामने. गावाने त्याला नारळ दिला. आई, रुखमाबाई, हिने शेजारणींना बोलावून चहा पाजला. वडील कधी जास्त बोलत नसत, तेही म्हणाले, "नाव काढलं पोट्ट्यानं."

जाण्याआधी त्याने एक केलं. आपली बोटं कमजोर आहेत असं स्वतःला सांगून तो विहिरीवर पाण्याने भरलेली बादली एका हाताने ओढायला लागला. बांधावरच्या निंबाच्या फांदीला लोंबकळायला लागला, हात बधिर होईपर्यंत. दोन महिन्यांत त्याच्या मुठीत असा जोर आला की कोवळा नारळ दाबून फुटेल. त्याला वाटलं, झालं. आता हैदरकडे ताठ मानेने जाता येईल.

बुलढाण्याचे शिक्षक वयस्कर आणि मोजकं बोलणारे होते. चढाई बघून ते नुसते "हं" म्हणाले, पण पुन्हा करायला सांगितली, आणि पुन्हा. मग साखळीला उभं केलं. समोर मलकापूरचा एक धिप्पाड गडी. कोपऱ्यातल्या पोराने त्याचा पाय धरला, अंग वळलं, आणि इंद्रभानची बोटं उघडली.

"पुन्हा," शिक्षक म्हणाले.

या वेळी इंद्रभान दात आवळून उभा राहिला. काही झालं तरी सोडायचा नाही. हैदरच्या आईचा चेहरा मुद्दाम डोळ्यांसमोर आणला. आणि ते वजन कललं त्या क्षणी त्याला चेहरा आठवला नाही, शपथ आठवली नाही. आठवायला वेळच नव्हता. आत कुणीतरी त्याच्याआधी ठरवून टाकलं होतं. तो मागे, मोकळा, दोन्ही हात रिकामे. कोपऱ्यातलं पोर मातीत.

असं रोज झालं. आठवडा संपताना शिक्षकांनी त्याला मैदानाच्या कडेला बोलावलं.

"हातात जोर आहे तुझ्या. मग काय होतं?"

"मालूम नाही, सर."

"घाबरतोस?"

"भेव नाही वाटत. म्हंजे, वाटायच्या आधीच होऊन जाते."

"चढाईला तुझ्यासारखा जिल्ह्यात कुणी नाही. हे मी उगीच म्हणत नाही. पण सातजणांत तुला लपवायचं कुठे? तुझ्या बाजूला कुणाला उभं करायचं मी?" शिक्षकांचा आवाज चढला नव्हता. रागावले असते तर इंद्रभानला भांडता आलं असतं. "ज्याचं अंग धोका ओळखून आधी निसटतं, तोच असली चढाई करतो रे. ते आणि हे वेगळं काढता येत नाही. मी बघितलं करून."

दुसऱ्या दिवशी तो मोटारीत बसला. चिखलीपर्यंत त्याने खिडकीबाहेर बघितलं, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्याला थोरला भाऊ वेगळा झाला तो दिवस आठवत होता. घरात आरडाओरडा सुरू होताच तो बाहेर पडला होता आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या मळ्यात बसला होता. आईने नंतर विचारलं, "कोठी होता रे? कोनीतरी मधात पडाले पायजे होतं." त्याने हसून काहीतरी सांगितलं होतं. आई आजारी पडली तेव्हा रात्री जागायला वहिनीच असायची. हे सगळं त्याने कधी एकत्र ठेवून बघितलंच नव्हतं. मैदानावर लोक टाळ्या वाजवत होते म्हणून त्या गुणाचं नाव चपळाई होतं. एवढंच.

गावात त्याने सांगितलं, शिबिरात पाय मुरगळला. लोकांनी हळहळ केली.

हिंमतरावांना मात्र खोटं सांगवेना. दुकानात कुणी नाही असं बघून तो गेला. ते चाकाची पंक्चर काढत बसले होते.

"हिंमतभाऊ, खामगावले हैदरचा हात मी सोडला होता."

हिंमतरावांनी ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे कुठून येतात ते बघत ते म्हणाले, "मालूम हाये मले. मी समोरच होतो ना."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोलून काय करू? तुले काढू? चढाईले दुसरं कोन हाये मायापाशी?" त्यांनी भोकाची जागा सापडल्यावर तिथे बोट ठेवलं. "पुढच्या मयन्यात देऊळगावले सामने हायेत. तू चढाई करत जाय. साखळीत तुले डाव्या टोकाले ठेवीन, अंगावर कोनी येनार नाही. शालिग्रामले घेतो हैदरच्या जागी."

इंद्रभान उभाच राहिला. हे बोलायला तो किती दिवस धीर गोळा करत होता; आणि इथे त्याचं कुणाला काही अडलं नव्हतं. शिक्षा नव्हती, शिवी नव्हती. टोकाची एक जागा होती.

तिथून तो सरळ हैदरकडे गेला. थांबला असता तर गेला नसता, हे आता त्याला ठाऊक होतं. हैदर अंगणात बाजेवर बसून उजव्या हाताने सरकी निवडत होता. डावा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आत सईदचाचांच्या पिंजणीचा आवाज मधे मधे थांबत चालला होता.

"आला का?" हैदर म्हणाला. "मले वाटलं, बुलढान्याचा झाला तू आता."

"काढून देलं मले." इंद्रभान बाजेच्या कडेला टेकला. "हैदर, त्या दिवशी..."

"मले मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"हात माह्या होता ना बे. त्याले नाही कळनार?" हैदरने एक सरकी बाजूला टाकली. "शेषराव पडाच्या आधी कळलं. हाताले एकदम गार लागलं."

पिंजणीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"चाचीले काऊन नाही सांगितलं?"

"तिले काय सांगू? तिले वाटते तू होता बाजूले. वाटू दे." मग त्याने मान वर केली. "एक सांग. तू जानून सोडला का? मी रोज तेच इचार करतो. माह्यावर काही राग होता का तुह्या मनात?"

"नाही बे. अल्लाकसम, नाही. आपोआप सुटला. शिबिरातबी तसंच झालं. रोज. किती कोशिश केली तरी."

हे ऐकून हैदरला बरं वाटेल असं इंद्रभानला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बसून गेलं, धूळ बसते तसं.

"मंग तर आनखीच वाईट," तो म्हणाला. "जानून सोडला असता, तर कधीतरी पस्तावून धरला असता."

इंद्रभानने सुपातली एक सरकी उचलली आणि परत टाकली.

"माह्यंबी तसंच हाये म्हना," हैदर पुढे म्हणाला, राग न आणता. "तवा घोटा सोडून देला असता तर खांदा वाचला असता. सुचलंच नाही मले. लोक म्हनतात बहादुरी. मले सोडता येत नाही, तुले धरता येत नाही. दोघंबी तसेच राहू." त्याने सुपातली सरकी हलवली. "मी जळगाव जामोदले चाललो. बहिनीच्या घरी. भाऊजींचं बांगड्याचं दुकान हाये, बसाचं गल्ल्यावर. शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं. पेटी जड हाये, अब्बाले उचलनार नाही. येतं का मोटारीवर चढवाले?"

"येतो ना. येतोच."

"ये मंग."

शुक्रवारी इंद्रभान सगळ्यांच्या आधी उठला. तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला. आणि मग काय झालं ते त्याला स्वतःला स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्या कुणाला लांबून बघावं तसं. तो गोठ्याकडे गेला. बैल सोडले. काल तोडलेली वांगी गाडीत भरली.

"आज काऊन चाल्ला चिखलीले?" नारायणराव अंथरुणातूनच म्हणाले. "बजार तर उद्या हाये."

"आजबी घेतात थोडंफार."

"हैदर चाल्ला ना आज? तुले जाचं होतं मोटारीवर."

"शालिग्रामले सांगितलं हाये," इंद्रभान म्हणाला. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

गाडी वळवताना बसस्टँडच्या बाजूला कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. अजून वेळ होता. बैल थांबवले असते तरी चाललं असतं. ती पेटी, चढवायला दोन घटकासुद्धा लागल्या नसत्या. आपण पळतोय हे त्याला कळत होतं. पूर्वी कळायचं नाही, आता कळतं, एवढाच फरक पडला होता, आणि त्या कळण्याने त्याच्या हातातला कासरा जराही आवळला गेला नाही. बैल चिखलीच्या रस्त्याला लागले.

हैदरची खामगावमार्गे जाणारी मोटार गावातून निघाल्याचा भोंगा मागून ऐकू आला तेव्हा तो पुलापर्यंत पोचला होता. पेटी कुणी चढवली असेल, याचा विचार त्याने केला. सईदचाचांनीच उचलली असेल. किंवा हैदरने, एका हाताने.

चिखलीला बाजार नव्हताच. एका अडत्याच्या दारात त्याने गाडी उभी केली. अडत्याने वांगी चाचपली, मग त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"तू अमडापूरचा ना? खामगावले खेळला होता. पायलं होतं मी तुले. काय निसटतं बे तू! कोनाच्या हाती लागला नाही."

"हाव," इंद्रभान म्हणाला, आणि टोपली उतरवायला वाकला.